सोनटक्के बाईंनी ठेवलेली सरी

सोनटक्के बाई नर्सरीत रुजू झाल्या त्या दिवशी शेठनं स्वागताला जरबेराचा गुच्छ आणला होता. आम्ही सगळे रांगेत उभे. फोटो काढायला शेठचा मेहुणा मोबाइल सरसावून पुढे. बाईंनी गुच्छ घेतला, त्यातलं एक फूल टेबलावरच्या कोऱ्या कागदावर आपटलं, चष्मा कपाळावर सरकवून कागदाकडे निरखून पाहिलं आणि गुच्छ परत शेठच्या हातात दिला.

"फुलकिडे आहेत ह्यात. रोपांपासून लांब नेऊन जाळा. आणि हात धुऊन या."

शेठ हसले. त्यांना वाटलं, बाई विनोद करताहेत. बाईंनी कधीच विनोद केला नाही, हे कळायला त्यांना पुढं बरेच दिवस लागले.

आमची नर्सरी निघोज्याच्या अलीकडे, कंपन्यांच्या दोन भिंतींच्या मध्ये सापडलेली. टोमॅटो, मिरची, ढोबळी, कोबी यांची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि शेतकऱ्यांना विकायची. मी गाड्या भरून रोपं पोहोचवायचं काम बघायचो. आमची महाळुंग्याची जमीन कधीच कंपनीत गेली, तेव्हा शेतीशी माझा संबंध दुसऱ्यांच्या रोपांपुरता. शेठचं शेतीचं ज्ञान त्याहून कमी. हिरवं दिसलं की विकायचं आणि पिवळं पडायच्या आत पोहोचवायचं, एवढंच त्यांचं शास्त्र. पण शेजारच्या तालुक्यातल्या नर्सरीवाल्यानं एक डॉक्टरेटवाला माणूस ठेवला होता, म्हणून शेठना डॉक्टरेटवाली बाई हवी होती. पाटीवर नाव रंगवण्यापुरती.

मिळाल्या त्या डॉ. उषा सोनटक्के. परभणीकडच्या. झाडांना विषाणूंमुळे होणाऱ्या रोगांत त्यांचं आयुष्य गेलं होतं. एका महाविद्यालयात वर्षानुवर्षं शिकवून, तिथल्या एकूण एक माणसाशी भांडून त्या इकडे आल्या. उंच, वाळक्या, सुती साडी घोट्याच्या वर, पायात पुरुषी बूट. एकट्याच होत्या. लग्न का केलं नाही, असं शेठच्या बायकोनं एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "बघायला आलेला माणूस भुईमुगाच्या शेंगेला मूळ म्हणाला."

त्यांची बोलण्याची रीत अशी की समोरचा माणूस आधी लहान व्हायचा आणि मग त्याला काय सांगितलं ते कळायचं. कुणी पिवळं पान घेऊन आला की त्याच्याकडे न बघता पानाकडे बघायच्या. पान उलटं करायच्या. मग त्या माणसाकडे पाहायच्या, पण पानाइतक्या आदरानं नाही. "ह्याला व्हायरस म्हणायलास? पाणी जास्त झालंय. जा." आणि खरोखरच व्हायरस असला, तर आवाज खाली यायचा. "उपट. जाळ. औषध नसतं ह्याला."

औषध नसतं हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणेन. आणि नेमकं तेच कुणाला ऐकायचं नसायचं. शेतकऱ्याला बाटली हवी असते, दुकानदाराला ती विकायची असते. एकदा औषधं विकणारा एक टायवाला पोरगेला साहेब आला. चकचकीत बाटली टेबलावर ठेवून म्हणाला, "मॅडम, एकच फवारणी. सगळे व्हायरस खल्लास."

"सगळे?"

"सगळे, मॅडम."

तो बोलता बोलता रुमालानं नाक पुसत होता. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "सर्दी किती दिवसांपासून आहे?"

"असेल, मॅडम, आठवडाभर."

"सर्दीचाही विषाणूच असतो. दोन थेंब नाकात सोड की."

तो गेला. बाटली विसरला. बाईंनी ती संडास धुणाऱ्या मावशींना दिली. मावशी म्हणाल्या, ह्यानं डागबी निघत न्हाईत.

चऱ्होलीला शेतं बुजवून उभ्या राहिलेल्या एका सोसायटीत बाई भाड्यानं राहायच्या. मी एकदा सामान पोचवायला गेलो तर गॅलरीभर दुहेरी जाळीचा पिंजरा, आत कुंड्या आणि कुंड्यांत जगातली सगळ्यात कुरूप झाडं. पानं मुरडलेली, ठिपक्याठिपक्यांची, फळं वेडीवाकडी. सोसायटीतल्या बायका गॅलरीत मोगरा फुलवतात, बाई रोग वाढवत होत्या. मी विचारलं, "ही बरी करणार का, बाई?"

"बरी कशाला? बरी झाडं बघायला सगळं गाव आहे. हे विषाणू उन्हात काय करतात ते मी बघायले."

तोच त्यांचा ध्यास. उन्हाळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, हे तर पानाच्या टपरीवरचा माणूसही सांगतो. पण ऊन वाढलं की झाडाच्या आत काय बिघडतं, ते बाई सांगू शकायच्या. आणि सांगताना, तेवढा वेळच, त्यांचा तुच्छतेचा सूर जायचा.

त्यावरून पहिली ठिणगी पडली. शेठनं ढोबळी मिरचीची एक जात आणली होती. फुलकिड्यांतून पसरणारा विषाणू हिला बाधत नाही, अशी तिची ख्याती. ती खपवण्यासाठी हायवेवरच्या एका लॉन्सच्या एसी हॉलमध्ये मेळावा भरवला. मागे बॅनर, 'बदलते हवामान आणि आधुनिक शेती'. पाहुणे एकेका गाडीत एकेकटे बसून आले आणि धरतीमाता तापते आहे म्हणून हळहळले. एकानं तर शाल पांघरलेली, कारण एसीची थंडी वाजत होती. मग शेठनं बाईंना माइक दिला. चार शब्द कौतुकाचे बोला, असं सांगून ठेवलेलं.

बाई म्हणाल्या, "ही जात चांगली आहे. विषाणू पानात शिरला की हे झाड त्याच्या आजूबाजूच्या आपल्याच पेशी मारून टाकतं. विषाणू तिथंच कोंडतो. पानावर एक जळका ठिपका पडतो, झाड वाचतं. पण भर उन्हाळ्यात पॉलिहाऊस भट्टीसारखं तापलं की झाडाची ही युक्ती ढिली पडते. मग विषाणू अंगभर फिरतो. तेव्हा थंडीत लावा. उन्हाळ्यात लावली आणि गेली, तर बियाण्याला शिव्या देऊ नका आणि देवालाही देऊ नका. मी आज सांगितलंय."

शेठ मेहुण्याकडे बघताहेत, मेहुणा माइकच्या वायरीकडे. त्या उन्हाळ्यात ढोबळीची रोपं ट्रेमध्येच म्हातारी झाली. शेठनं बाईंना काढलं नाही, कारण पाटी नुकतीच रंगवली होती. पण त्यांची खोली जनरेटरशेजारी हलवली. बाई म्हणाल्या, "बरं झालं. तुमचं बोलणं ऐकू येत नाही इथं."

एवढं सगळं सांगितलं म्हणजे बाई नेहमी बरोबरच असायच्या असं वाटेल. त्यांनाही तसंच वाटायचं. आता किसन अण्णांच्या सरीची गोष्ट सांगतो.

किसन अण्णा निघोज्याचे. महाळुंग्याच्या एका कंपनीत शिफ्ट करायचे आणि उरलेल्या वेळात मिरची. त्यांच्या बांधाला लागून सुलोचनाचं शेत. सुलोचना त्यांच्या चुलतभावाची बायको. नवरा कंपनीत, शेती सगळी हिच्या हातात, तीही हिच्या हट्टावर. ती जमीन ट्रक-कंटेनर उभे करायला भाड्यानं द्यावी म्हणून नवरा मागं लागला होता. शेवटी घरात असं ठरलं, की यंदाचा टोमॅटो साधला तर शेती राहील, नाहीतर मुरूम टाकायचा. तो टोमॅटो आमच्याच नर्सरीचा, मीच पोचवलेला. सुलोचनानं एकेक रोप पोटच्या लेकरासारखं लावलं होतं.

अण्णांच्या मिरचीत कडेच्या एका सरीला रोग दिसला. पानांवर हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांची नक्षी, शेंडे आखडलेले. बाईंनी बघितलं आणि नेहमीचं वाक्य बोलल्या. उपटा, जाळा. मावा नावाची बारीक कीड हा विषाणू पसरवते आणि तो टोमॅटोलाही सोडत नाही. अण्णा म्हणाले, "व्हय व्हय, उद्याच." पण उद्या ओव्हरटाइम निघाला, परवाही निघाला, आणि सरी राहिली.

मग ती उष्णतेची लाट आली. दुपारी डांबर चपलेला चिकटायचं. त्यातच रस्ता रुंद करणाऱ्या मशीननं अण्णांची पाइपलाइन तोडली. ठेकेदार म्हणाला जोडून देतो, आणि गायब झाला. सुलोचनाची विहीर वेगळी, तिचा टोमॅटो तगला. अण्णांची मिरची मात्र डोळ्यांदेखत माना टाकत गेली. सगळी गेली. फक्त ती रोगट सरी उभी होती.

अण्णांनी व्हिडिओ काढला. मागून त्यांचाच आवाज, "बगा राव! मॅडम म्हनल्या व्हत्या उपटा. निरोगी झाडं मेली, रोगी जित्ती हायेत. शास्त्र फेल!" तो गावभर फिरला. शेठनंही पाहिला आणि मुद्दाम जनरेटर बंद करून बाईंना ऐकवला.

बाई उठल्या. मला म्हणाल्या, "गाडी काढ."

शेतावर पोचलो तर अण्णा बांधावर पाटलासारखे बसलेले. दोनचार माणसंही जमलेली, बाईंचं तोंड बघायला. बाई सरीपाशी गेल्या आणि मातीत बसल्या. मेलेल्या झाडाचं पान चुरून बघितलं, जिवंत झाडाचं पान उलटं केलं. मग मान वर केली, आणि मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. लहान मुलीसारखं.

"खरंय की! वाचलं होतं मी. विश्वास नव्हता."

"हारला का न्हाई?" अण्णा म्हणाले.

"हरले. पण तू जिंकला नाहीस. फळ दाखव एक."

अण्णांनी एक मिरची तोडून दिली. ती वाकडी, खरखरीत, मोड आलेल्या वालासारखी. "ही बाजारात नेशील?" बाई म्हणाल्या. "झाड जगलंय, पीक नाही. विषाणूनं पानं लहान केली, झाडाची वाढ रोखली, आतला कारभार आपल्या हातात घेतला. म्हणून पाणी कमी लागलं. झाड मेलं तर त्याचंही घर बुडतं ना. त्यानं स्वतःची सोय केली, तुझी नाही."

जमलेली माणसं पांगली. अण्णा खट्टू झाले. म्हणाले, "मंग टाकतो उपटून."

आणि बाई म्हणाल्या, "नको. राहू दे. मला बघायचंय अजून. आठवडाभर. मी वरून जाळी लावून देते, मावा ना आत जाणार ना बाहेर येणार."

दुसऱ्याच दिवशी आम्ही बांबू ठोकून बारीक जाळी लावली. बाई पदर खोचून स्वतः दोऱ्या आवळत होत्या. पलीकडून सुलोचना बांधावर आली. टोमॅटोला फुलं लागली होती.

"बाई, माझ्या टमाट्याला काय व्हायचं न्हाई ना ह्यानं?"

"जाळी आहे की," बाई वर न बघता म्हणाल्या. "माझं काम मला शिकवू नका."

सुलोचना बांध उतरून आपल्या टोमॅटोत परत गेली.

त्याच आठवड्यात वळीव आला. पाऊस थोडा, वारा फार. हायवेवरचे फलक कोसळले, कंपन्यांचे पत्रे उडाले. रस्ते तुंबलेले, बाई चऱ्होलीत अडकल्या. आम्ही पोचलो तेव्हा जाळी पलीकडच्या बाभळीला फाटून लोंबत होती आणि सरी उघडी होती. पानांच्या मागं मावा. त्यातल्या कित्येकांना पंख फुटलेले. बाईंनी सगळी सरी उपटली, तिथंच जाळली. अण्णा म्हणाले, "आता झालं ना?" बाई बांधापलीकडच्या टोमॅटोकडे बघत होत्या. मावा सोंड टोचतो न टोचतो तोच हा विषाणू उचलतो आणि पुढच्या झाडावर तितक्याच झटपट सोडतो. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

सुलोचनाच्या टोमॅटोची पानं पुढं सुतळीसारखी बारीक होत गेली. आधी बांधाकडच्या ओळी, मग आत. फळं लागली ती चट्ट्यापट्ट्यांची, अर्धी लाल अर्धी पिवळी, दगडासारखी.

शेठना बातमी कळली तशी त्यांनी बाईंना बोलावलं. एवढं गोड बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "मॅडम, तुम्ही कशाला अंगावर घेता? उन्हाची लाट होती, वादळ होतं. हवामान बदल म्हणा. सगळेच म्हणतात. पुढं कुणी विचारत नाही."

बाई म्हणाल्या, "ऊन पडलं, खरं. पाणी तुटलं, खरं. वारा सुटला, तेही खरं. पण सरी मी ठेवायला सांगितली. ते वाऱ्यानं नाही सांगितलं." मग त्यांचा जुना सूर परत आला. "आणि तुम्ही हवामानाच्या नावावर काही टाकू नका, शेठ. त्याच्याकडे आधीच सगळ्या नालायकांची गर्दी झालीय. ठेकेदारही तेच सांगायलाय."

आम्ही सुलोचनाकडे गेलो. ती विहिरीच्या कठड्यावर बसली होती. नवराही होता, मोबाइलवर कंटेनरवाल्याशी बोलत. बाई समोर उभ्या राहिल्या.

"तुमचं पीक माझ्यामुळं गेलं."

सुलोचना म्हणाली, "मी इचारलं व्हतं तुमाला. बांधावर हुबी राहून इचारलं व्हतं."

"हो. विचारलं होतं."

"तुमी वर बी बगितलं न्हाई."

"नाही बघितलं."

मला वाटलं, आता बाई माफी मागतील, किंवा निदान वारा, मावा, काहीतरी समजावून सांगतील. त्यांनी बूट काढून बांधावर ठेवले, पहिल्या ओळीत शिरल्या आणि रोपं उपटू लागल्या. सुलोचना बसल्या जागी बघत होती. नवरा म्हणाला, "ओ मॅडम, राहू द्या, जेसीबी येनारच हाय." बाई थांबल्या नाहीत. काही वेळानं सुलोचना उठली आणि दुसऱ्या टोकापासून उपटू लागली. संपेपर्यंत बाई रोज येत होत्या. अण्णा मात्र एकदाही बांधावर दिसले नाहीत. त्यांना तेव्हा भरपूर ओव्हरटाइम होता.

जमिनीवर मुरूम पडला. आज तिथं कंटेनर उभे असतात. सुलोचनानं भांडून विहिरीकडचा एक कोपरा तेवढा वाचवला. बाईंनी नर्सरी सोडली. शेठनं पाटीवरचं नाव पुसलं आणि सगळ्यांना सांगत सुटले, ह्याच बाईनं गावात व्हायरस आणला. बाईंच्या कानावर ते गेलं. म्हणाल्या, "त्या माणसाच्या तोंडून आयुष्यात एक वाक्य अर्धं खरं निघालं. निघू दे."

मग कळलं, विहिरीच्या त्या कोपऱ्यावर बाई रोज जाताहेत. जाऊन बघितलं तर दोन पदरी जाळीची छोटी शेड उभी राहत होती, दाराला आणखी एक दार. बाईंनी आपली साठवलेली पुंजी देऊ केली होती. सुलोचनानं नाकारली. "उपकार नको," ती म्हणाली होती, "शिकवा." आणि बाई शिकवत होत्या. रोपं कशी तयार करायची, पान कसं वाचायचं, उन्हात सावलीची जाळी कधी ओढायची, कुठलं रोप कुठल्या महिन्यात विकायला साफ नकार द्यायचा. शिकवताना ओरडायच्या नेहमीसारख्याच. फरक एवढाच की सुलोचनाही ओरडायची. "आदी माजं ऐका, मंग बोला!" असं बाईंना म्हणणारी ती जगातली पहिली बाई. आणि तेव्हा सोनटक्के बाई हातातलं काम ठेवून, मान वर करून ऐकायच्या.

ती हानी भरून निघाली असं मी म्हणणार नाही. कंटेनरखालची जमीन काही परत शेत होत नाही. सुलोचना अजूनही त्या बाजूला पाठ करून काम करते.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते भोसरीत. एप्रिलची टळटळीत दुपार, सिग्नलला वाहनं खोळंबलेली, माझ्या टेंपोत शेठची रोपं उघड्या ट्रेमध्ये. बाजूला एक स्कूटर येऊन थांबली. पुढं सुलोचना, डोक्याला ओढणी गच्च बांधलेली. मागं बाई, हेल्मेट तिरकं झालेलं, दोन्ही हातांनी सुलोचनाचा खांदा घट्ट धरलेला, आणि तोंडानं शेजारच्या बसवाल्याला झापणं चालू. मी हाक मारली. बाईंनी आधी रोपांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ह्या उन्हात रोपं कुठं न्यायलास रे, दत्ता? तुझ्या शेठला अक्कल नाही हे माहीत आहे. तुझी कुठं गेली?"

सुलोचना खळखळून हसली. सिग्नल सुटला. स्कूटर दोन ट्रकांच्या मधून सूं करून निघाली, आणि बाईंचा "सावकाश! सावकाश!" असा घाबरा आवाज बराच लांबपर्यंत ऐकू येत राहिला.

माझा ड्रायव्हर नवीन होता, नांदेडकडचा. बाई कोण, काय, त्याला काही ठाऊक नव्हतं. त्यानं गिअर टाकला आणि टेंपो सरळ नेऊन पुलाखालच्या सावलीत उभा केला.